गाडी उभी, बॅटरी आडवी

सुट्टी संपली, कॉलेज सुरू झालं, की पहिल्या आठवड्यात हॉस्टेलच्या पार्किंगमध्ये एक ठरलेला आवाज ऐकू येतो. कट्-कट्-कट्. सेल्फचं बटण दाबलं जातं, मीटरवरचे दिवे एकदा लुकलुकतात आणि विझतात. मालक चावी काढतो, पुन्हा घालतो, जणू मधल्या दोन सेकंदांत काहीतरी बदललं असेल. मग आजूबाजूला बघतो. तोवर शेजारच्या रांगेतून दुसरा कट्-कट् सुरू झालेला असतो.

"अरे, पण मी तर गाडी वापरलीच नाही! दीड महिना नुसती उभी होती."

हे वाक्य दर वर्षी निदान दहा जणांच्या तोंडून ऐकू येतं आणि प्रत्येक वेळी त्यात खरंखुरं आश्चर्य असतं. गाडी पळवली असती, रात्रभर लाइट चालू राहिला असता, तर समजू शकतो. पण उभ्या गाडीची बॅटरी कशी काय जाते?

उभी होती, म्हणूनच जाते. आणि त्याची किंमत आपण समजतो त्यापेक्षा मोठी आहे. ती सगळी आपल्याच खिशातून जात नाही, म्हणून आपल्याला दिसत नाही एवढंच.

आपल्याकडे वस्तू जपणं म्हणजे ती न वापरणं. चांगल्या कपबश्या पाहुण्यांसाठी, नवी बेडशीट दिवाळीसाठी आणि गाडीवर कव्हर. घरी जाताना आपण गाडी सावलीत लावतो, कव्हर घालतो, हँडल लॉक करतो आणि समाधानाने एसटीत बसतो. कपबशीच्या बाबतीत हे ठीक आहे. बॅटरीच्या आत मात्र रसायन आहे, आणि चावी काढली म्हणून रसायन काही थांबत नाही. फ्रिजबाहेर राहिलेल्या दुधाला आपण 'मी तर हातही लावला नव्हता' असं सांगतो का?

आपल्या बहुतेक बाइक्स आणि स्कूटरमध्ये लेड-ॲसिड बॅटरी असते. म्हणजे शिशाच्या प्लेट्स आणि सल्फ्युरिक ॲसिड. गॅस्तों प्लांते या फ्रेंच माणसाने १८५९ मध्ये ती शोधली आणि तिचं मूळ तत्त्व आजही तेच आहे. वीज देताना प्लेट्सवर लेड सल्फेटचा थर बसतो. चार्ज केली की तो थर विरघळतो आणि बॅटरी पुन्हा ताजी होते. थर ताजा असतो तोवरच हे सोपं असतं. बॅटरी अर्धवट रिकामी ठेवून आठवडेच्या आठवडे सोडून दिली, तर त्याच थराचे मोठे, कडक खडे बनतात. मग ते चार्जरलाही दाद देत नाहीत. बॅटरीचा तेवढा भाग कायमचा गेला. सर्व्हिस सेंटरवाले 'सल्फेशन' म्हणतात ते हेच. म्हणजे बॅटरी उतरणं हा आजार नाहीच. उतरलेल्या अवस्थेत पडून राहणं हा आजार.

पण वापरलीच नाही तर उतरते कशी? थोडी आपोआप, आणि बरीचशी आपण न पाहिलेल्या कारणांनी. चावी काढल्यावरही डिजिटल घड्याळ, चोरीविरोधी अलार्म, कंट्रोल युनिट हे सगळे थोडं थोडं पीत असतात. हिशेब करून बघा. स्कूटरची बॅटरी ५ अँपिअर-अवरची आहे आणि गाडी बंद असताना ३ मिलीअँपिअर जातायत असं धरू. दिवसाला ७२ मिलीअँपिअर-अवर. म्हणजे ३५ दिवसांत अर्धी बॅटरी साफ. आता काहींनी चोरीच्या भीतीने जीपीएस ट्रॅकर बसवलेला असतो. तो आणखी १० मिलीअँपिअर खात असेल, तर अर्धी बॅटरी जायला आठच दिवस लागतात. गाडी कुठे आहे ते मोबाइलवर दिसत राहतं. बॅटरी कुठे चालली आहे ते दिसत नाही.

वर आपला उन्हाळा. तापमान १० अंशांनी वाढलं की बॅटरीचं आपोआप उतरणं साधारण दुपटीने वाढतं. सुट्टी नेमकी मे महिन्यात. नागपूर, अकोला, चंद्रपूरकडच्या पोरांना वेगळं सांगायला नको, तिथे पारा ४५ पर्यंत जातो आणि पत्र्याच्या शेडखाली काय होत असेल ते शेडखाली उभं राहिलेल्यालाच माहीत.

या विषयावर वाचताना मला एक गंमत दिसली. अमेरिका-कॅनडात लोकांकडे आरव्ही असतात, म्हणजे आत पलंग, ओटा, संडास असं सगळं असलेली घरासारखी गाडी. उन्हाळ्यात फिरायचं आणि हिवाळाभर ती उभी करून ठेवायची. त्या गाड्यांतही हीच भानगड. आत गॅसगळती ओळखणारा अलार्म असतो, तो चोवीस तास वीज खातो. पण तिकडे गाडी उभी करणं हे एक कामच मानलं जातं. आधी बॅटरी फुल चार्ज करायची, मग मेन स्विच बंद करायचा किंवा बॅटरी सरळ काढून गॅरेजमध्ये न्यायची, 'मेंटेनर' नावाच्या छोट्या चार्जरला जोडायची, नाहीतर महिन्यातून एकदा तपासायची. आता बघा, थंडीत बॅटरी आपोआप उतरण्याचा वेग कमी असतो. तरी ते एवढं करतात, कारण उतरलेल्या बॅटरीतलं ॲसिड पाण्यासारखं पातळ होतं आणि कडक थंडीत गोठून बॅटरी फुटू शकते. आपल्याकडे फुटत नाही. गपचूप मरते. म्हणून आपण लक्ष देत नाही.

पूर्वी हे खपून जायचं. सेल्फ नाही लागला तर किक, किक नाही तर धक्का. आता १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं, कार्ब्युरेटरची जागा फ्युएल इंजेक्शनने घेतली. पेट्रोलचा पंप विजेवर चालतो, इंजिनला कधी किती पेट्रोल द्यायचं तेही इलेक्ट्रॉनिक्स ठरवतं. बऱ्याच नव्या गाड्यांना किकच नाही. स्कूटरला तर धक्का मारून उपयोगच नसतो, तिचं चाक इंजिनला तसं फिरवूच शकत नाही. तरी दर वर्षी कोणीतरी ॲक्टिव्हाला पार्किंगभर धक्का मारताना दिसतो आणि मागे चार जण उत्साहाने पळत असतात. व्यायाम म्हणून उत्तम.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये हा धडा अख्ख्या देशाला एकदम मिळाला होता. २५ मार्चला सगळं थांबलं आणि गाड्या महिनोन्‌महिने जागच्या जागी. तेव्हा घराघरांत एक उपाय निघाला, तो अजून टिकून आहे: रोज सकाळी खाली जाऊन पाच मिनिटं गाडी चालू करायची. सुट्टीतसुद्धा आपण रूमवर राहिलेल्या मित्राला किंवा घरमालक काकांना सांगून येतो, "काका, जरा दोन-चार दिवसांनी गाडी चालू करून ठेवत जा हं." काका बिचारे करतात. पण जागच्या जागी, आयडलवर इंजिन फारच थोडं चार्जिंग करतं. त्यात एप्रिल २०१७ पासूनच्या गाड्यांना हेडलाइट बंद करायचं बटणच नाही. इंजिन चालू की दिवा चालू. सेल्फने घेतलेलं परत येईल-न येईल तोवर काका गाडी बंद करून चहाला गेलेले असतात. शिवाय इंजिन नीट तापायच्या आत बंद झालं की सायलेन्सरमध्ये पाणी साठतं ते वेगळं. काकांना सांगायचंच असेल तर "आठवड्यातून एकदा अर्धा तास फिरवून आणा" असं सांगा. पेट्रोलचे पैसे देऊन.

आणि काकांना अजिबात त्रास द्यायचा नसेल तर? सीटखाली किंवा पाय ठेवायच्या जागेखाली झाकण असतं, आत बॅटरी. टर्मिनलचे स्क्रू स्टारच्या स्क्रूड्रायव्हरने किंवा १० नंबरच्या पान्याने उघडतात. आधी मायनस काढायची, मग प्लस. परत लावताना आधी प्लस, मग मायनस. हा क्रम पाठ करा. कारण मायनस लागलेली असताना प्लसवरचा पाना गाडीच्या लोखंडाला टेकला तर जी ठिणगी उडते ती बघून पुन्हा बॅटरीला हात लावायची इच्छा राहत नाही. महिनाभरासाठी जाणार असाल तर फक्त मायनस सोडली तरी घड्याळ, अलार्म, ट्रॅकर सगळ्यांचं पिणं बंद होतं. पाच मिनिटांचं काम, खर्च शून्य. ट्रॅकरही बंद पडेल, म्हणून कुलूप-साखळी नीट लावा.

त्याआधी बॅटरी फुल असायला हवी. गाडी बंद करून काही तास गेल्यावर मल्टिमीटर लावा. इंजिनीअरिंगवाला मित्र पकडा, त्याच्या बॅगेत असतोच. १२.६ ते १२.८ व्होल्ट म्हणजे फुल. १२.४ म्हणजे साधारण पाऊण. १२.२ म्हणजे अर्धी. १२ च्या खाली म्हणजे आजच चार्ज करा, घरी नंतर जा. आकड्यांमधला फरक किती कमी आहे बघा. म्हणूनच हॉर्न वाजतोय, लाइट लागतोय, म्हणजे बॅटरी ठणठणीत, हा अंदाज फसतो.

चार्जरबद्दल एक गोष्ट नक्की सांगेन. कारच्या बॅटरीचा दणदणीत चार्जर स्कूटरला लावू नका. साधा नियम, बॅटरी जेवढ्या अँपिअर-अवरची, त्याच्या दहाव्या भागाइतका करंट. ५ ची बॅटरी, तर अर्धा अँपिअर. आणि घरात पडलेला वायफाय राउटरचा १२ व्होल्टचा ॲडाप्टर जोडायची आयडिया कोणी दिली तर त्याला नमस्कार करा. १२ व्होल्टने १२ व्होल्टची बॅटरी भरत नाही, तिला १४ च्या वर लागतात आणि भरल्यावर साडेतेराच्या आसपास आणून ठेवावं लागतं. मेंटेनर हेच काम आपोआप करतो. चार्जिंग मोकळ्या हवेत करायचं, बंद कपाटात नाही, कारण त्यातून हायड्रोजन निघू शकतो.

ज्यांच्याकडे इलेक्ट्रिक स्कूटर आहे त्यांनी वरचं सगळं उलटं वाचायचं. लिथियम बॅटरी १०० टक्के भरून उन्हाळाभर ठेवली तर लवकर म्हातारी होते, आणि शून्यावर आणून ठेवली तर कदाचित उठतच नाही. तिला निम्म्यावर सोडायचं आणि अधूनमधून बघायचं. शिशाची बॅटरी पोटभर जेवून झोपते, लिथियमची अर्धपोटी. गंमत म्हणजे बऱ्याच इलेक्ट्रिक गाड्यांत लाइट आणि कुलपासाठी वेगळी छोटी १२ व्होल्टची बॅटरीही असते. मोठी बॅटरी ६० टक्के आहे आणि गाडी उघडतच नाही, असा प्रकार त्यामुळे होतो. कंपनीच्या पुस्तकात 'जास्त दिवस उभी ठेवताना' असं एक पान असतं. गाडी घेतल्यापासून ते पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीतच असेल, ते बाहेर काढा.

माझा खरा राग आहे तो पुढच्या टप्प्यावर. बॅटरी उतरली, आपण ती घेऊन दुकानात गेलो. पूर्वी दुकानदार थोडेफार पैसे घेऊन रात्रभर चार्जिंगला लावायचे. आता? माझ्या रूममेटबरोबर मी एका दुकानात गेले होते. दुकानदाराने बॅटरी हातात घेतली, मीटरसुद्धा लावला नाही, म्हणाला, "एमएफ आहे ताई, ही चार्ज होत नाही. नवीनच टाका." एमएफ म्हणजे मेंटेनन्स फ्री. तिच्यात पाणी घालावं लागत नाही एवढाच त्याचा अर्थ. चार्ज होत नसती तर गाडीत तरी काय करत होती? आम्ही ती परत आणली, कॉलेजच्या इलेक्ट्रिकल लॅबमधल्या एका दादाने रात्रभर हळू चार्जिंगला लावली आणि ती उठली. प्रत्येक वेळी उठेलच असं नाही, खडे कडक झाले असतील तर नाहीच उठत. पण बघायला नको? नवी बॅटरी विकण्यात दुकानदाराचा फायदा आहे हे मी समजू शकते. आपण एक प्रश्नही न विचारता पैसे काढतो, ते नाही समजत. मेसच्या खाण्यावर भांडणारी पोरं आपण.

कोणी म्हणेल, दोन वर्षांनी एकदा हजार-दीड हजार गेले तर एवढं काय. वडील जीपेवर पाठवतात. ठीक आहे. मग जुन्या बॅटरीचं काय होतं ते बघू.

लेड-ॲसिड बॅटरीच्या वजनाचा निम्म्याहून जास्त भाग शिसं असतो. स्कूटरची बॅटरी दोन किलोच्या आसपास, म्हणजे किलोभर शिसं आपण हातात धरून भंगारवाल्याकडे जातो. दुकानदार नव्या बॅटरीत जुनीचे थोडे पैसे वजा करतो, भंगारवाला कधी कधी पन्नास रुपये जास्त देतो, म्हणून आपण तिकडे. पुढे तिचा प्रवास दोन दिशांना होतो. एक, नोंदणी असलेला रिसायकलिंगचा कारखाना. दुसरी, कुठल्यातरी वस्तीच्या कडेची भट्टी. तिथे बॅटरी कुऱ्हाडीने फोडतात, ॲसिड जमिनीवर ओततात, प्लेट्स उघड्यावर वितळवतात. धूर आजूबाजूच्या घरांवर बसतो. शिसं असं विष आहे की शरीरात त्याची सुरक्षित म्हणावी अशी पातळीच नाही, हे जागतिक आरोग्य संघटना सांगते. मुलांच्या मेंदूवर ते बसतं आणि झालेलं नुकसान भरून येत नाही. युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या २०२० च्या अहवालाप्रमाणे जगात जवळपास ८० कोटी मुलांच्या रक्तात काळजी करावी इतकं शिसं आहे, म्हणजे तीन मुलांमागे एक. त्याच्या मोठ्या कारणांत अशा भट्ट्या आहेत.

कायदा नाही असं नाही. २००१ पासून बॅटऱ्यांचे नियम आहेत, २०२२ मध्ये नवे आले. बॅटरी बनवणाऱ्या कंपनीवर ती परत गोळा करण्याची जबाबदारी टाकली आहे. ग्राहकानेही ती कचऱ्यात न टाकता योग्य ठिकाणी द्यायची आहे. पण कंपनीपर्यंत बॅटरी पोहोचायला आपण ती आधी अधिकृत दुकानात द्यायला हवी. पन्नास रुपयांसाठी आपण जी वाट निवडतो, तिच्या टोकाला कोणाचं तरी सात वर्षांचं पोर राहतं. आणि बॅटरी दोन वर्षांऐवजी चार वर्षं टिकली, तर त्या वाटेने जाणारं शिसं निम्मं होतं. टर्मिनलची मायनस सोडण्याचा आणि त्या पोराचा संबंध असा आहे. ओढूनताणून जोडलाय असं वाटेल, पण मधली एकही कडी मी सोडलेली नाही.

आता कॉलेजांबद्दल. आपल्या कॉलेजांना पार्किंगची फी घेता येते, पट्टे मारता येतात, 'वाहन स्वतःच्या जबाबदारीवर उभे करावे' असा बोर्ड लावता येतो. पार्किंगमध्ये एक सॉकेट मात्र देता येत नाही. रूममध्ये चार्जर लावला तर तो इंडक्शन आणि इस्त्रीसारखा जप्त होतो. आगीच्या भीतीने असेल तर भीती खोटी नाही, विशेषतः लिथियमचे पॅक रूममध्ये नकोच. पण मग त्यासाठी जागा करून द्या. पार्किंगच्या कोपऱ्यात जाळीचा, हवा खेळती राहील असा एक कप्पा, सहा सॉकेट, दोन-तीन मेंटेनर. काढलेल्या १२ व्होल्टच्या बॅटऱ्यांवर नाव आणि गाडीचा नंबर चिकटवायचा, महिन्यातून एकदा पाळीने चार्जिंगला लावायची. इलेक्ट्रिकलची लॅब असलेल्या कॉलेजात यासाठी वेगळं शिकवायचीही गरज नाही. एनएसएसचे तास कुठे भरायचे हा प्रश्न दर वर्षी पडतोच.

आमच्या रेक्टर मॅडमपुढे ही कल्पना मांडली तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "लाइट बिल कोण भरणार?" म्हणून हिशेब करून दिला. अर्धी उतरलेली स्कूटरची बॅटरी भरायला, वाया जाणारी धरून, साधारण ५० वॉट-अवर लागतात. ४० बॅटऱ्यांना मिळून २ युनिट. २ किलोवॉटचा गीझर तासभर चालला की तेवढी वीज जाते. त्यांनी कागद ठेवून घेतला आणि दुसरा प्रश्न विचारला, तो जास्त बरोबर होता: सुट्टीत इथे थांबतं कोण? वॉचमन मामा थांबतात. चाळीस बॅटऱ्यांची पाळी सांभाळणं हे त्यांचं काम नाही, आणि फुकटात तर नाहीच. गाडीमागे ५० रुपये घेतले तर महिन्याला त्यांना २,००० रुपये देता येतात. दिवाळीच्या सुट्टीआधी किती जण नाव देतात त्यावर पुढचं ठरेल. यादी मेसच्या बोर्डवर लावली आहे, आत्तापर्यंत अकरा नावं आहेत.